मधमाशीच्या नरड्यातली गोचीड

नोकरीत असताना कुणी "काय करता?" असं विचारलं की मी सांगायचो, "मधमाशांच्या श्वासनळीत किडे होतात, ते मारतो." समोरचा माणूस एकतर हसायचा, नाहीतर माझ्या तब्येतीची चौकशी करायचा. लग्नाच्या वेळी वडिलांनी पाहुण्यांना 'सरकारी नोकरी' एवढंच सांगितलं होतं. बायकोला खरं काम कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता, अकोल्याचा एक तालुका होता. आमच्या खात्याचा असा पक्का समज होता की वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या सगळ्या अडचणींवर मध हा उपाय आहे. मग योजना निघाली. लाकडी पेट्या आल्या, पेट्यांत सातेरी माश्या आल्या. सातेरी म्हणजे झाडाच्या ढोलीत आणि भिंतीच्या पोकळीत राहणारी आपली गावठी माशी. ती पेटीत राहायला तयार होते. आग्या माशी कशालाच तयार होत नाही, म्हणून ती योजनेत नव्हती. अशा पेट्या गावोगाव वाटायच्या आणि सायकलवर फिरून त्या तपासायच्या, हे माझं काम. हुद्दा निरीक्षकाचा. हाताखाली माश्यांना धूर द्यायचं एक धुराडं आणि तोंडावर बांधायची एक जाळी, एवढाच कर्मचारीवर्ग.

अनसिंगच्या अलीकडं एक गाव आहे. नाव लिहीत नाही. ज्यांची गोष्ट सांगतो आहे त्यांची नातवंडं आता एकाच शाळेत शिक्षक आहेत, त्यांना उगाच त्रास नको, म्हणून माणसांची नावंही बदलली आहेत. त्या गावात नामदेव राऊत नावाचे बागाईतदार होते. वांगी, मिरची, कोबी पिकवायचे आणि वाशीमच्या बाजारात न्यायचे. कांद्याचं बी धरण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे. कांद्याच्या फुलाला माशी लागते. माशी नसेल तर गोंडे पांढरे दिसतात पण आत दाणा भरत नाही. त्यामुळं आमच्या पेट्या मनापासून घेणारा तालुक्यातला बहुधा हा एकटाच माणूस. बाकीच्यांनी घेतल्या त्या ग्रामसेवक मागं लागला म्हणून.

नामदेवराव मला फार मान देत. "वानखडेसाहेब म्हंजे आपल्या घरचेच," असं चारचौघांत सांगत. मला त्याचं कारण कळत होतं. वानखडे हे आडनाव वऱ्हाडात जवळजवळ सगळ्या जातींना वाटून दिलेलं आहे. ज्याला जसं सोयीचं वाटेल तसं त्यानं समजून घ्यावं. नामदेवरावांनी त्यांच्या सोयीचं समजून घेतलं होतं. त्यांनी विचारलं नव्हतं आणि मीही गळ्यात पाटी बांधून फिरत नव्हतो.

त्या वर्षी दिवाळीनंतर त्यांचा निरोप आला की माश्या मरून राहिल्या, ताबडतोब या. मी गेलो तर पेट्यांसमोर विचित्र देखावा. माश्या उडत नव्हत्या, चालत होत्या. गवताच्या काडीवर चढायच्या, पंख थरथरवायच्या आणि खाली पडायच्या. पुन्हा दुसऱ्या काडीवर. पंख नीट मिटलेले नाहीत, एक इकडं एक तिकडं, जसा घाईत घातलेला सदरा.

"कोनं केलं हे, मले मालूम हाये," नामदेवराव म्हणाले आणि त्यांनी बांधापलीकडं बोट दाखवलं.

बांधापलीकडं लक्ष्मण इंगोले यांचं कपाशीचं वावर. लक्ष्मणचं घर छप्पन सालानंतर बौद्ध झालेलं. गावाच्या पूर्वेला त्यांची वस्ती. लक्ष्मणनं त्या साली पहिल्यांदाच पाठीवरचा पंप आणून कपाशीवर औषध फवारलं होतं. फवारा आणि माश्यांचं मरण पाठोपाठ आलं. गावाचा निकाल तिथंच लागला. लक्ष्मणच्या वावराला जायची गाडीवाट नामदेवरावांच्या मळ्याच्या कडेनं होती. ती त्यांनी बोरीच्या काट्या टाकून बंद केली होती. वेचलेला कापूस वावरातच ढीग करून पडलेला, आणि वरून ठाण्यात तक्रार देण्याची भाषा.

"तुमी फक्त लिहून द्या साहेब, का फवाऱ्यानं मेल्या," नामदेवराव म्हणाले. "बाकीचं मी पाहून घेतो."

सरकारी माणसाकडं लोक सत्य मागत नाहीत, सही मागतात. मी म्हटलं, आधी तपासतो.

आता इथं थोडं धंद्याचं सांगावं लागेल. विषारी औषधानं माशी मेली तर एका दिवसात मरते. पेटीच्या दाराशी ढीग पडतो, जीभ बाहेर आलेली असते. ह्या माश्या तर हळूहळू, रांगत मरत होत्या. असं होतं ते एका किड्यामुळं. गुरांना गोचीड असते, तिचीच ही लांबची बहीण, पण इतकी लहान की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तरुण माशीच्या छातीतल्या श्वासनळीत शिरते, तिथंच अंडी घालते, तिथंच पिल्लं वाढवते आणि नळीला भोकं पाडून माशीचं रक्त पिते. माशीचा श्वास कोंडतो. उडायला दम लागतो, तो राहत नाही. म्हणून ती चालते. हे नक्की करायचं तर माशीचं डोकं काढून, छातीची कड सोलून, आतली नळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. निरोगी नळी मोत्यासारखी पांढरी असते. लागण झालेली असेल तर तपकिरी, पुढं काळी.

काही माश्या डबीत घेतल्या आणि परत निघालो. लक्ष्मण वाटेत उभा होता. पंचविशीचा, सडपातळ माणूस. मला वाटलं आता हा स्वतःची बाजू मांडणार. तो म्हणाला, "साहेब, माह्या घरी येता का? काही दाखवाचं हाये."

त्याच्या गोठ्याच्या मातीच्या भिंतीत एक भगदाड होतं आणि त्यात सातेरीचं पोळं. त्याच्या वडिलांच्या वेळेपासून होतं म्हणे. भिंतीखाली जमिनीवर माश्या रांगत होत्या. अगदी तशाच.

"मीच मारलं साहेब," लक्ष्मण म्हणाला. "माह्याच पंपानं. राऊतच्याबी अन् माह्याबी. लोकायसमोर बोललो तं कापूस तसाच सडन म्हून गप हावो. पन झोप लागत नाई."

त्याची बायको रुखमा गुरांचं शेण काढत होती. ती मागं न वळता म्हणाली, "मी सांगून राह्यली त्यायले, का तुमी कापसावर मारलं, गोठ्यावर नाई. पन ह्या मानसाले गुन्हा कबूल कराची लय घाई."

मी भिंतीतल्या माश्याही दुसऱ्या डबीत घेतल्या.

वाशीमला खोलीवर बसून दोन्ही डब्यांतल्या माश्या सोलल्या. दोन्हीकडच्या नळ्या काळ्या. आत गोचीड खच्चून भरलेली, राज्य परिवहनच्या गाडीत बाजाराच्या दिवशी असतात तशी. लक्ष्मणनं मारलं नव्हतं. कुणीच मारलं नव्हतं. पण हे मी नुसतं सांगून गावात कोण ऐकणार? म्हणून सूक्ष्मदर्शक मांडीवर घेऊन एसटीनं गावात गेलो. कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट मागितलं.

शाळेच्या ओट्यावर टेबल मांडलं. पोलीस पाटील मध्यस्थ म्हणून बसले. एका बाजूला नामदेवराव आणि त्यांचे लोक, दुसऱ्या बाजूला जरा अंतरानं लक्ष्मण आणि वस्तीतले लोक. मी यंत्राच्या खालच्या आरशावर ऊन घेतलं आणि एकेकाला पाहायला बोलावलं. विज्ञानाचा प्रसार करताना जे होतं ते सगळं झालं. एकानं स्वतःच्या पापण्या पाहिल्या आणि किडे फार केसाळ आहेत असा निर्वाळा दिला. पाटलांनी नको तो डोळा मिटला आणि बराच वेळ टेबलाकडं पाहून "दिसलं, दिसलं" म्हणाले. एका म्हाताऱ्यानं यंत्राला नमस्कार केला.

नामदेवराव आले. ते पाहत राहिले. काच कशी फिरवायची ते त्यांनी विचारून घेतलं आणि पुन्हा पाहिलं. हुशार माणूस, त्यांना दिसलं आणि समजलंही. दोन्ही नळ्या शेजारी शेजारी ठेवल्या होत्या, त्यांच्या पेटीतली आणि लक्ष्मणच्या भिंतीतली. तिसरी मुद्दाम आमच्या वाशीमजवळच्या मालेगावकडच्या निरोगी पोळ्यातली, पांढरीशुभ्र.

"चालून राह्यले ते," त्यांनी हळू म्हटलं.

"हो. तुमच्याही माश्यांत आणि लक्ष्मणच्याही. फवाऱ्यानं हे होत नाही."

ते सरळ उभे राहिले. त्यांनी चारचौघांत इतकं आरडून सांगितलं होतं, वाट बंद केली होती. आता परत फिरायचं तर पाय ठेवायला जागा हवी होती. त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं आणि विचारलं, "साहेब, तुमी कोनते वानखडे?"

इतक्या महिन्यांत जे विचारायची गरज पडली नव्हती ते सूक्ष्मदर्शकात पाहिल्यावर आठवलं होतं.

"बौद्ध," मी म्हटलं. "मानोऱ्याकडचे."

"तरीच," नामदेवराव म्हणाले.

एका शब्दात माझं शिक्षण, माझी नोकरी आणि ते जपानी बनावटीचं यंत्र, तिन्ही निकालात निघाली. त्यांच्या बाजूचे लोक माना हलवू लागले. काळी नळी आता किड्यानं काळी नव्हती, माझ्या जातीनं काळी होती. लक्ष्मण मान खाली घालून बसला होता. त्याला बहुधा हेच अपेक्षित होतं. मला राग आला, पण राग हा आमच्या खात्यात किरकोळ रजेसारखा होता. वरिष्ठांच्या परवानगीशिवाय घेता येत नसे.

पोलीस पाटलांनी खाकरून विचारलं, "ते राहू द्या. मले येक सांगा. असा किडा आमी जलमात पाह्यला नाई. मंग हा आला कुठून?"

आता हा प्रश्न मी टाळू शकत होतो. 'हवेतून' म्हटलं असतं तर चाललं असतं. खात्यातली बरीचशी उत्तरं तिथूनच येत. पण मला उत्तर माहीत होतं. नामदेवरावांना ज्या पेट्या मिळाल्या त्या आमच्या खात्याच्या माश्या वाढवायच्या केंद्रातून आल्या होत्या. तिथल्या माश्या रांगतात हे मी आधीच वर कळवलं होतं. साहेबांचं म्हणणं होतं की आपल्या विभागात ही कीड नाही. नाही म्हणजे नाही, कीड आली तरी नाही.

मी म्हटलं, "आमच्या पेट्यांतून आला. खात्यानं ज्या माश्या दिल्या त्या आजारी होत्या. त्या नामदेवरावांच्या मळ्यात आल्या. आजारी माशी घर चुकते, दुसऱ्याच्या पोळ्यात शिरते. तिला बांध कळत नाही आणि वस्तीही कळत नाही. अशी ती लक्ष्मणच्या भिंतीत गेली. लक्ष्मणनं राऊतांच्या माश्या मारल्या नाहीत. राऊतांच्या पेट्यांनी लक्ष्मणच्या माश्या आजारी केल्या, आणि त्यात राऊतांचाही दोष नाही. दोष आमचा."

पाटील माझ्याकडं पाहत राहिले. "हे तुमी तुमच्या साहेबासमोर म्हनसान?"

"ते इथून कळायला फार वेळ लागणार नाही."

पाटलांनी नामदेवरावांकडं वळून म्हटलं, "नामदेवा, आपल्यावाल्याले वाचवाचं असतं तं हा मानूस फवाऱ्याचं नाई म्हून घरी गेला असता. यानं सोताच्या खात्याचं नाव कायले घेतलं असतं? नोकरी जाईन याची. काट्या काढ."

नामदेवराव ओटा उतरून घराकडं निघाले. पण दुसऱ्या दिवशी वाट मोकळी होती. काट्या कुणी काढल्या हे कुणी पाहिलं नाही, असं गावानं ठरवलं.

उठण्याआधी मी आणखी एक गोष्ट सांगितली, कारण तीही खरी होती: फवाऱ्यानं माश्या मरत नाहीत असं नाही, सकाळी उन्हात फवारलं तर मरतात, दिवस कलल्यावर, माश्या घरी परतल्यावर फवारावं. लक्ष्मण म्हणाला, "मंग तसंच करतो. एवढंच होतं तं आदीच सांगाचं नं." त्याला आधी कुणी सांगितलं नव्हतं. बोरीच्या काट्या तोडण्यापेक्षा ते सोपं होतं, म्हणूनच कुणाला सुचलं नसावं.

मग उपचार सुरू झाले. औषध म्हणजे गंधपुऱ्याच्या तेलाचा अर्क. लहान बाटलीत भरायचा, बुचातून वात काढायची, बाटली पेटीत ठेवायची. वाफ हळूहळू पसरते, माशी ती श्वासात घेते आणि नळीतली गोचीड मरते. नवी माशी जन्मते तशी नवी गोचीड तिच्यात शिरू पाहते, म्हणून हे बरेच आठवडे चालवावं लागतं. नामदेवरावांच्या प्रत्येक पेटीत बाटली ठेवली. लक्ष्मणच्या भिंतीतल्या भगदाडातही एक दोरीनं बांधून सोडली.

भिंतीतलं पोळं सुधारू लागलं. रांगणाऱ्या माश्या कमी झाल्या, मग दिसेनाशा झाल्या. नामदेवरावांच्या पेट्यांत मात्र मरण थांबेना. मी बाटल्या भरायचो, पुढच्या खेपेला त्या ठणठणीत कोरड्या. इतकी वाफ होते कशी, मला कळेना. मी वात बारीक केली, बूच घट्ट केलं, पुस्तक पुन्हा वाचलं.

उलगडा नामदेवरावांच्या आईनं केला. एकदा म्हातारी ओसरीवरून टणाटणा उतरून मळ्यात आली आणि मला म्हणाली, "बाप्पा, तुह्या औषधानं गुडघे लय मोकये झाले. पन बाटली लहान आनतं तू."

गंधपुऱ्याचं तेल दुखऱ्या सांध्याला चोळतात, हे मला माहीत होतं. म्हातारीच्या नाकालाही ते माहीत होतं. ती रोज दुपारी पेट्या उघडून बाटल्या रिकाम्या करत होती. माश्या तिला चावत नव्हत्या; चावायला त्यांच्यात दम नव्हता. वस्तुस्थिती अशी की खात्याच्या त्या वर्षीच्या खर्चातून नक्की फायदा झालेला लाभार्थी ही एकटीच. अहवालात तिला दाखवायला रकाना नव्हता. नामदेवराव कपाळाला हात लावून बसले. आईला काय बोलणार? तोवर उशीर झाला होता; थंडी सरेपर्यंत त्यांच्या सगळ्या पेट्या रिकाम्या झाल्या.

दरम्यान मला साहेबांनी बोलावून घेतलं. "कीड आपल्या पेट्यांतून आली हे गावासमोर सांगायची काय गरज होती?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, गावानं विचारलं. ते म्हणाले, गावानं विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं द्यायला आपण बसलो तर कामं कधी करायची. माझी बदली झाली. प्रदर्शनाच्या पेट्या सांभाळायच्या, काचेच्या, आत एकही माशी नसलेल्या. कीड लागण्याचा प्रश्नच नव्हता. पण खात्यात शिक्षाही वेळेवर मिळत नसे, त्यामुळं माझ्या जागी माणूस येईपर्यंत मी तिथंच होतो. केंद्रातून आजारी पेट्या पुढच्या गावांना जातच राहिल्या. त्या थांबवता आल्या नाहीत. त्या गावांत कुणाकुणाच्या वाटा बंद झाल्या असतील, कोण जाणे.

माघात नामदेवरावांचा कांदा फुलला. सगळा मळा पांढऱ्या गोंड्यांनी भरला आणि त्यावर एक माशी नाही. ते गोंड्यांतून नुसते फिरायचे. एके दिवशी सकाळीच ते वाशीमला माझ्या खोलीच्या दारात उभे. त्या ओट्यावरच्या सभेनंतर ते माझ्याशी कामापुरतं बोलत.

"इंगोलेच्या अंगनात शेवग्यावर थवा बसला हाये," ते म्हणाले. भिंतीतलं पोळं इतकं सुधारलं होतं की फुटून अर्ध्या माश्या नवं घर शोधायला निघाल्या होत्या. "तुमी मांगा साहेब त्याले. तुमाले नाई म्हननार नाई तो."

"माश्या माझ्या नाहीत, झाड माझं नाही, कांदा माझा नाही," मी म्हटलं. "तुम्ही मागा. मी पेटीत भरून देतो."

ते माघारी वळले, पायरीपर्यंत गेले आणि थांबले. मग म्हणाले, "चाला."

रिकामी पेटी घेऊन आम्ही वस्तीत गेलो. नामदेवराव अंगणाच्या कडेला थांबले. लक्ष्मण बाहेर आला. नामदेवरावांनी शेवग्याकडं पाहत म्हटलं, "लक्ष्मन, कांदा फुलला. माशी नाई."

"दिसते मले बांधावरून," लक्ष्मण म्हणाला. "न्या. मले दोन पोये कायले पायजेत? भिंत येकच हाये."

इतकं सोपं निघेल असं नामदेवरावांना वाटलं नव्हतं. त्यांनी तयार केलेली वाक्यं वाया गेली. मी थवा पेटीत झटकला, राणी आत गेली, मागून बाकीच्या रांगेनं शिरू लागल्या. नामदेवराव पेटी उचलायला वाकले.

"आत्ता नाही," मी म्हटलं. "बऱ्याच माश्या बाहेर गेल्यात. त्या परत यायच्या. दिवस मावळेपर्यंत पेटी इथंच राहील."

"मंग मी संध्याकाई येतो."

"नाही. मालकाला पेटीजवळ बसावं लागतं. नवा थवा असतो, उठून गेला तर?"

संध्याकाळपर्यंत थांबायचं, हा नियम खरा आहे. कुठल्याही पुस्तकात सापडेल. मालकानं बसून राहायचं, हा नियम त्या क्षणी माझा होता. तो मी नंतरही कुठं लिहिला नाही.

रुखमानं शेवग्याच्या सावलीत बाज टाकली. नामदेवराव आधी तिच्या काठावर टेकले, निघायच्या तयारीत असल्यासारखे. अंगणावरून जाणाऱ्यांची वर्दळ त्या दिवशी अचानक वाढली. गावातल्या अनेकांना वस्तीच्या बाजूला तातडीची कामं निघाली. लक्ष्मण समोर बसून दोरी वळत होता. मग लक्ष्मणनं विचारलं, गोंड्यावर करपा पडला का यंदा. नामदेवराव म्हणाले, थोडा हाये खालच्या वाफ्यात. मग कोणत्या वाफ्यात, पाणी किती दिवसांनी देता, असं निघालं आणि नामदेवराव हळूहळू मागं सरकून बाजेवर नीट बसले.

ऊन वाढलं. रुखमानं पाण्याचा तांब्या आणून बाजेजवळ ठेवला आणि गोठ्याकडं निघून गेली. नामदेवरावांनी तांब्याकडं पाहिलं, मग रस्त्याकडं, मग माझ्याकडं.

मी पेटीच्या दाराशी वाकलो आणि आत शिरणाऱ्या माश्या निरखू लागलो. कामावर असताना इतक्या बारकाईनं मी कधी काही निरखलं नसेल. सगळ्या उडत येत होत्या, एकही रांगत नव्हती. मी वर पाहिलं तेव्हा तांब्या खाली ठेवलेला होता आणि नामदेवराव मिशा पुसत लक्ष्मणला सांगत होते की पुढच्या साली कपाशीच्या काठानं दोन ओळी कांदा लाव, बी मी देतो.